कोथिंबिरीला सिंगापूरचा कायदा

मोहिनी : पेढे आणले असतेस तर समजू शकले असते, मनीषा. एवढी कोथिंबीर मी काय करू?

मनीषा : वड्या करा, ताई. शेजारी वाटा. माझं मशीन वापरणाऱ्या नवसाबाईंनी सकाळीच गिरणाऱ्याच्या शेतावरून पाठवलीय, अजून पाणी गळतंय बघा. आणि आधी जुड्या बघा ना! सगळ्या माझ्या मशीनवर बांधल्यात. एक काडी मोडलेली दाखवा मला.

मोहिनी : बघते, पण टेबलावर नको. फायली भिजतील. तिकडं खिडकीत ठेव. हं, बस आता. चहा सांगू?

मनीषा : चहा नंतर. आधी मला तुमच्या पाया पडू द्या.

मोहिनी : ए, ऊठ! वेडी का काय! कारखानदार बाई तू, सातपूरला शेड आहे तुझी. कुणी बघितलं तर म्हणेल वकिलानं पार जमिनीवर आणलं बिचारीला.

मनीषा : म्हणू दे. काल कोर्टातून बाहेर आले, सीबीएसच्या सिग्नलला उभी राहिले आणि मला रस्ताच ओलांडता येईना. दिनेशला फोन लावला तर तो एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ड्यूटीवर, तिथल्या आवाजात त्याला काही ऐकू जाईना. शेवटी ओरडले, "अरे, मशीन आपलं राहिलं!" सगळे रिक्षावाले वळून बघायला लागले. एक जण म्हणाला, "अभिनंदन ताई." कशाबद्दल ते त्यालाही माहीत नाही.

मोहिनी : नवऱ्याला तरी नीट सांगितलंस ना? दावा अजून संपलेला नाही. कंपनीनं तुझ्या मशीनची जी नक्कल काढलीय, ती निकाल लागेपर्यंत विकायची नाही, एवढी मनाई मिळालीय काल.

मनीषा : पण त्यांनी मला जी नोटीस पाठवली होती, तुमचं मशीन बनवणं बंद करा म्हणून, ती तर बारगळली ना?

मोहिनी : ती बारगळली.

मनीषा : मग माझ्यासाठी तेवढी दिवाळी पुरे. माझंच मशीन आणि मीच बंद करायचं! त्या दिवसापासून शेडमधल्या पोरी माझ्याकडं अशा बघायच्या ना, जणू घरात कुणी आजारी आहे आणि मी सांगत नाहीये. आज सकाळी गेले तर चैतालीनं लेथवर रेडिओ लावून ठेवला होता. कितीतरी महिन्यांनी. ताई, हे सगळं तुमच्यामुळं. तुमच्या त्या शेवटच्या कलमामुळं.

मोहिनी : माझं कलम म्हणू नकोस. मी बदलायच्या आधी कंपनीच्या पहिल्या करारात काय लिहिलं होतं, आठवतंय?

मनीषा : आता पाठ झालंय. या कराराला सिंगापूरचा कायदा लागू राहील आणि कुठलाही वाद झाला तर तो फक्त सिंगापूरच्या कोर्टात चालेल. ऑफिस गुरुग्रामला, मालक सिंगापूरला, मशीन नाशिकच्या सातपूरला आणि त्यात बांधायची काय, तर कोथिंबीर!

मोहिनी : आणि तू ते वाचलंही नव्हतंस.

मनीषा : मी डिलिव्हरी वाचली, वॉरंटी वाचली, डिझाइन माझं राहील ते दोनदा वाचलं. शेवटच्या पानावर असतं काय? मला वाटलं, आपले नम्र वगैरे असेल.

मोहिनी : सगळ्यांना तसंच वाटतं. सोयरीक जुळवताना काडीमोड कुठल्या गावात घ्यायचा, हे कोण विचारतं? पण डिझाइन तुझं आहे असं लिहून काय उपयोग होता, ते तुझं आहे हे सांगायलाच जर तुला सिंगापूरला जावं लागलं असतं? तिथला वकील, तिथला कायदा, तिथली भाषा. तेव्हा पासपोर्ट होता का तुझ्याकडं?

मनीषा : रेशनकार्ड होतं.

मोहिनी : घे. आणि पासपोर्ट असता तरी नवसाबाईंना कसं नेलं असतंस? कोर्टानं पाहणीला कमिशनर म्हणून वकील पाठवला, तो सातपूरच्या तुझ्या शेडमध्ये आला, म्हणून हे जमलं. दोन्ही मशीनं शेजारी शेजारी ठेवता आली. तुझं आणि त्यांचं.

मनीषा : ती पाहणी मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांचा तो सुटातला इंजिनिअर सांगतोय, आमचं मशीन संपूर्ण स्वतंत्र संशोधनातून तयार झालंय. आणि कमिशनर साहेब वाकून बघतायत. म्हणाले, "वरच्या पट्टीवर दोन्ही कोपऱ्यांना ही भोकं कशासाठी?" इंजिनिअर म्हणाला, "वजन कमी करण्यासाठी."

मोहिनी : एवढ्याशा भोकानं वजन कमी!

मनीषा : मग साहेब माझ्या मशीनकडं वळले. तीच पट्टी, तीच दोन भोकं. "आणि तुमची कशासाठी?" मी म्हटलं, "हार घालायला, साहेब. खंडेनवमीला मशीनची पूजा करतो ना. पहिल्या वर्षी हार घसरला आणि जबड्यात अडकला, सासूबाई दिवसभर बडबडल्या. म्हणून पुढच्या मशीनपासून दोरा ओवायला भोकं पाडायला लागले." आणि नवसाबाई काय म्हणाल्या माहितीय? "मंग सिंगापूरवाले पन नवमी करत्यात व्हय?"

मोहिनी : कमिशनरनं ते भोकाचं अहवालात जसंच्या तसं लिहिलं. मी काल कोर्टात वाचून दाखवत होते, तेव्हा न्यायाधीश बाईंनी मला हात केला. पुरे, समजलं, म्हणाल्या. हार कशाला आणि नवमी कुठली, हे एका अक्षरानंही समजावून सांगावं लागलं नाही मला. हेच मी सिंगापूरला कसं सांगणार होते? तिथले न्यायाधीश चांगलेच असतील, कायदाही चांगला असेल. पण त्या भोकाचा अर्थ कळायला माणूस इथला लागतो.

मनीषा : म्हणून तर म्हणते, तुमचे उपकार...

मोहिनी : थांब. आभाराचं मी तुला सांगणारच आहे, ते चुकीच्या पत्त्यावर आलेत. पण आधी हे सांग, सकाळी फोनवर तू नव्या कराराचं काय बोलत होतीस?

मनीषा : हां, तेच! खरी बातमी तर तीच आहे. कंपनीचा मेल आला सकाळी. तडजोड करायचीय म्हणतात. नक्कल बंद करतील, मशीन माझ्याचकडून घेतील, वर माझ्या शेडचं नाव टाकतील. पाच राज्यांत विकणार, ताई! शेजारची शेड घ्यावी लागेल मला. फक्त आज संध्याकाळच्या आत सही हवी. मी प्रिंट काढूनच आणलीय. तुम्ही नजर टाका, मी लगेच सही करते.

मोहिनी : आण इकडं. आणि तू गप्प बस जरा... हं. डिझाइन तुझं, बरोबर. नाव तुझं, बरोबर. दावा मागे घ्यायचा, ठीक. शेवटचं पान वाचलंस का?

मनीषा : यावेळी वाचलं.

मोहिनी : मग?

मनीषा : मग काय? आहे सिंगापूर. मला माहितीय, ताई. म्हणूनच तर पेढे न आणता कोथिंबीर आणली, तुमचा राग जरा कमी व्हावा म्हणून.

मोहिनी : मनीषा!

मनीषा : ऐका ना. त्यांच्या राखी मॅडमना मी फोन केला होता. म्हणाल्या, ही कंपनीची पॉलिसी आहे, सगळ्या नव्या करारांना हेच. मागच्या वेळी तुम्हाला सूट मिळाली, तिचं काय झालं ते आमच्या साहेबांनी बघितलं. आता बदल होणार नाही, नको असेल तर फाइल बंद करतो. फाइल बंद म्हणजे दावा चालू. किती वर्षं? तोवर ते माल घेणार नाहीत, दुसरं गिऱ्हाईक दाव्यातलं मशीन म्हणून हात लावणार नाही. निम्म्या पोरींना घरी बसवावं लागेल मला. आणि आता भांडण मिटलंय. ते चुकले, त्यांना कळलं. पुन्हा कशाला भांडू?

मोहिनी : ते कलम भांडणासाठी नसतं, भांडण होऊ नये म्हणून असतं. तू जवळच्या कोर्टात जाऊ शकतेस हे त्यांना माहीत असलं की ते नीट वागतात. तू सिंगापूरला येऊ शकत नाहीस हेही त्यांना माहितीय. पण सही तुझी आहे. मी तुला अडवणार नाही, फक्त सांगेन.

मनीषा : अडवणार नाही?

मोहिनी : नाही. मागच्या वेळीही मी अडवलं नव्हतं. अडवणारं माणूस वेगळं होतं. कुठं आहेत तुझ्या सासूबाई?

मनीषा : खाली, झाडाखाली बसल्यात. जिना नको म्हणाल्या, गुडघे दुखतायत. मी म्हटलं लगेच येते...

(कुसाबाई कठड्याला धरून जिना चढून दारात येतात.)

कुसाबाई : लगेच येते म्हनून कव्हाची गेली ती. तिथं गाड्यांचा धूर निसता. म्हनलं, चढावं हळूहळू.

मोहिनी : या मावशी, या. इथं पंख्याखाली बसा. पाणी घ्या. तुमचंच नाव चाललं होतं.

कुसाबाई : माझं? मी काय केलं बाई आता?

मोहिनी : तुम्ही चार वर्षांपूर्वी केलंत. नवमीला.

कुसाबाई : ते व्हय! अजून तेच धरून बसली का ही? लय रागावली व्हती माझ्यावर. दोन दिस तोंड फुगवून.

मनीषा : फुगवणार नाही तर काय, आई! ताई, तुम्हाला पूर्ण माहितीच नाहीये. कंपनीचा तो कुंदन खास गुरुग्रामहून करार घेऊन आलेला. नवमीचा दिवस. लेथ, ड्रिल, पाने, मोजमापाची हत्यारं, सगळं पूजेत मांडलेलं. आमच्या घरी पेनसुद्धा पूजेत ठेवतात. मी म्हटलं, आई, पेन द्या जरा, सही करायचीय. तर म्हणाल्या, दसऱ्याला पूजा उचलल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही.

कुसाबाई : मंग? लेथ बंद, ड्रिल बंद, तर पेन चालू कसं ऱ्हाईल?

मनीषा : तेवढ्यात कुंदन म्हणाला, काही हरकत नाही, हे माझं पेन घ्या. चकचकीत, परदेशी. आणि यांनी काय केलं? त्याच्या हातातून ते पेन घेतलं, हळदकुंकू लावलं आणि ठेवलं पूजेत! वर त्यालाच म्हणाल्या, "बाबा, तू बी नमस्कार कर."

मोहिनी : आणि त्यानं केला?

मनीषा : केला! बूट काढून केला. बिचाऱ्याचं परतीचं विमान गेलं. दसऱ्याला आमच्याकडं श्रीखंडपुरी खाल्ली, दिनेशबरोबर सोनं वाटत हिंडला. मला तर तोंड दाखवायला जागा नव्हती. एवढी मोठी कंपनी काय म्हणेल, असं वाटत होतं.

मोहिनी : मग संध्याकाळी तू माझ्याकडं सोनं द्यायला आलीस. पिशवीतून तो करार काढलास आणि त्याच्या पानांतून आपट्याची पानं.

मनीषा : चुरगळू नयेत म्हणून ठेवली होती.

मोहिनी : त्यातलं एक पान शेवटच्या पानावर चिकटलं होतं. ते काढताना माझी नजर पडली. नाहीतर दसऱ्याच्या दिवशी पाहुणीचे कागद वाचायची सवय मला नाही. मी एक ओळ बदलून लिहून दिली, आणि कुंदनला घरी जायची इतकी घाई झालेली की त्यानंच साहेबांना फोन करून मंजूर करून घेतली. माझा वाटा एवढाच, मनीषा. एक ओळ. ती ओळ लिहायला जो एक दिवस लागला, तो मावशींनी दिला. म्हणून म्हणत होते, पाया पडायचं तर तिकडं पड.

मनीषा : ...खरंय. आई, मी चार वर्षं सगळ्यांना सांगत राहिले, मोहिनीताईंनी वाचवलं. तुम्ही तिथंच बसलेल्या असायचात. आणि एकदाही म्हणाला नाहीत, की मी पण होते.

कुसाबाई : आता काय म्हनायचं त्यात? मला कुठं ठावं व्हतं सिंगापूर हाय म्हनून. मला काय वाचता येतंय? रीत व्हती घरची, ती केली.

मोहिनी : मावशी, बऱ्याच घरांत वह्या-पेनांची पूजा होते. पण पाहुण्याचं पेन काढून घेणारं माणूस मी तुमच्याशिवाय बघितलं नाही.

कुसाबाई : ती रीत यांची व्हती. हिच्या सासऱ्याची. हे टर्नर व्हते ना, लेथवर जल्म गेला. सही यायची, वाचता येत नव्हतं. सही पन कशी, चित्र काढल्यावानी काढायचे, 'पुंजाराम'. नवमीला आधी पेन ठेवायचे, मंग बाकीचं. मी इचारलं येकदा, लेथ सोडून पेन आधी कशापायी? तर म्हनले, लेथनं बोट कापलं तर रगत दिसतं, मानूस मशीन बंद करतो. पेननं काय कापलं ते घरी आल्यावर कळतं.

मनीषा : बाबा असं म्हणायचे?

कुसाबाई : तुला नाय सांगितलं कधी. दिनेशला बी धड माहीत नाय. ते लाजायचे. पहिल्या कारखान्यात व्हते तव्हा सायबानं कागद पुढं केला. रजेचा अर्ज हाय, कर सही. यांनी केली. काढलं चित्र. तो राजीनामा व्हता.

मोहिनी : अरे देवा.

कुसाबाई : दुसऱ्या दिशी गेटवर आत घेईना कोनी. हे म्हनले, मी भांडीन. तर त्यांनी दाखवलं, कागदात लिव्हलंय म्हनून, काय तक्रार असंल तर कलकत्त्याला जायचं. हेडापीस तिथं, कोर्ट तिथं. दिनेश माझ्या वटीत, सात-आठ महिन्याचा. कलकत्ता कुठं हाय ते आमाला ठावं नाय. येका मास्तरानं नकाशात दाखवलं. हे बोट ठेवून बसले लय येळ. नाशिकवर येक बोट, कलकत्त्यावर येक. मंग उठले आन म्हनले, जाऊ दे, जुना लेथ बघू कुठं मिळतो का.

मनीषा : आई, शेडच्या कोपऱ्यातला तो जुना लेथ?

कुसाबाई : तोच. कारखाना तर कव्हाच बुडाला. यांनी नंतर नावं ठेवली नाय कोनाला. पन नवमीला पेन पुजेत गेलं की म्हनायचे, कुसा, आजचा येक दिस तरी कोन माझी सही मागू शकत नाय. खुशीत असायचे त्या दिशी.

मनीषा : ...ताई, ती प्रिंट द्या इकडं.

मोहिनी : सही करतेस?

मनीषा : फोन करते. हॅलो, राखी मॅडम? मनीषा बोलतेय, सातपूरहून. हो, मिळाला. वाचला. सगळं मान्य आहे, एक सोडून. शेवटचं कलम... हो, तुम्ही सांगितलंत, पॉलिसी आहे. मॅडम, तुम्ही भुसावळच्या ना? मग मराठीतच सांगते. मशीन नाशिकला बनतं, कोथिंबीर नाशिकची, बांधणाऱ्या बायका नाशिकच्या. भांडण झालंच तर ते पण नाशिकलाच करू. साहेबांना सांगा, यायला लागलं तर राहायची सोय मी करते... नाही मॅडम, मी चिडून नाही बोलत. उलट मला तुमच्याबरोबर काम करायचंय, खूप वर्षं करायचंय. पण मला माझ्या पायांनी जाता येईल अशाच कोर्टाचं नाव मी लिहीन. नाहीतर... हो. नाहीतर करा फाइल बंद. मी थांबते, तुम्ही विचारून सांगा.

मोहिनी : ठेवलास?

मनीषा : त्यांनी ठेवला. विचारते म्हणाल्या. ताई, बोलून तर बसले. ऑर्डर गेली तर त्या पोरींना काय सांगू? चैतालीचं लग्न ठरलंय. रेडिओ लावला होता हो तिनं.

कुसाबाई : गेली तर गेली. नवसाबाई हाय, मखमलाबादच्या बाया हाईत. येकेक मशीन विकू. यांनी येका लेथवर काढलं सगळं. तू रडू नको पन.

मनीषा : रडत नाहीये. आई, मला हे आधी का नाही सांगितलंत?

कुसाबाई : कशाला? तू सून म्हनून आली तव्हा शेडला कुलूप व्हतं. हे गेले, दिनेश नोकरीला लागला, लेथला गंज चढू राहिला व्हता. मी म्हनायची, आता भंगारवाला न्हेईल. तू पयल्या दिशी कुलूप उघडायला लावलं आन पदर खोचून तेल घातलं त्याला. नव्या नवरीच्या बांगड्या काळ्या झाल्या. मी घरात जाऊन देवाम्होरं बसले व्हते त्या दिशी. आता उपकाराचंच बोलायचं तर तुझे मला फेडता येनार नाय, बाई. म्हनून मी बोलतच नाय.

मोहिनी : घ्या. मी आभार तुमच्याकडं पाठवले, तुम्ही ते परत हिच्याकडं. चहा सांगते मी. आज हे आभार कुणाच्या दारात मुक्कामाला राहतील असं दिसत नाही.

मनीषा : आई, माझ्या अंगावर ओरडत जा हो तुम्ही अधूनमधून. असं काही बोललात की मला सुचत नाही.

कुसाबाई : ओरडते की. सकाळी कोथिंबीर भिजवलीस रिक्षात तव्हा ओरडले ना?

मोहिनी : मनीषा, फोन वाजतोय.

मनीषा : तुम्ही घ्या ताई. माझ्याच्यानं नाही होणार.

मोहिनी : अजिबात नाही. तुझा फोन आहे.

मनीषा : हॅलो... हो मॅडम. हो... काय? पुन्हा सांगा ना. हो. हो. कुंदन? त्यांनी? ...अय्या! बरं. बरं. नक्की. मेल करा, मी वाट बघते. मॅडम, तुमचे पण आभार. मनापासून. हो, भुसावळला कधी आलात तर या.

मोहिनी : बोल आता लवकर.

मनीषा : बदलतायत. भारताचा कायदा, नाशिकचं कोर्ट. साहेब नाहीच म्हणत होते. मग कुंदनला विचारलं, तो आता त्यांच्याकडं मोठ्या जागेवर आहे. तो म्हणाला, त्यांच्याशी वाद घालू नका, त्या घरात एक आजी आहे, ती तुमचं पेन पण ठेवून घेईल.

मोहिनी : बघा मावशी, गुरुग्रामपर्यंत दरारा!

कुसाबाई : ग्वाड पोरगं व्हतं. चार पुऱ्या जास्त खाल्ल्या त्यानं.

मनीषा : आला मेल. ताई, तुमच्या प्रिंटरवर काढते. शेवटचं पान तुम्ही बघा, मला अक्षरं दिसत नाहीयेत.

मोहिनी : दाखव... हं. बरोबर आहे. एकही शब्द इकडं-तिकडं नाही. कर सही. पेन आहे का? हे घे माझं.

कुसाबाई : थांबा, वकीलबाई. तुमचं नको.

मनीषा : आई, आज नवमी नाहीये हं! आज अडवू नका.

कुसाबाई : कोन अडवू राहिलं? पिशवीत हाय माझ्या, काढू दे. हे घे. यांचं हाय. दर नवमीला हेच ठेवते मी, कांडी बदलून आनते आधी. यानंच कर.

मनीषा : बाबांचं पेन. द्या, आई.

कुसाबाई : उगं. आधी वाच. मोठ्यानं वाच, मला आयकू दे.

मनीषा : सगळं?

कुसाबाई : ते कोर्टाचं वाच.

मनीषा : "या कराराला भारताचा कायदा लागू राहील, आणि या करारातून निर्माण होणारे सर्व वाद फक्त नाशिक येथील न्यायालयात चालतील."

कुसाबाई : पुन्हा येकदा वाच. यांना आयकायला मिळायला पायजे व्हतं.

मनीषा : "...सर्व वाद फक्त नाशिक येथील न्यायालयात चालतील."

कुसाबाई : हां. धर आता पेन.